आवाज येऊन राहिला

कळमेश्वरच्या त्या मसाल्याच्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा गेटवरच्या चौकीदाराने माझा पास वाचला, डिक्कीतल्या खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मिक्सर हाय नं? मंग सरळ मांगं जा ताई. भाजणीच्या शेडमंधी.”

पासवर ‘मिक्सर, एक नग’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. माझा मिक्सर म्हणजे आवाजाचा. बैठकीच्या खोलीतले सगळे माइक त्याला जोडायचे आणि कोणाचा आवाज किती मोठा करायचा, कुठे पाठवायचा, कुठे अजिबात जाऊ द्यायचा नाही, हे त्याच्यावर ठरवायचं. पण मसाल्याच्या कारखान्यात मिक्सर म्हटल्यावर चौकीदाराच्या डोक्यात दुसरं काय येणार? बैठकीची खोली मागेच असेल, असं समजून मीही निघाले.

शेडच्या दारातच मिरचीने मला गाठलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, खोकला. समोर पंचावन्न-साठीची एक बाई उभी होती, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं. मला पाहून तिचा चेहरा खुलला.

“आल्या बाप्पा एकदाच्या! चार दिवस झाले वाट पाहून राहिली. हा पाहा, कसा घरघर करते.”

कोपऱ्यात मसाला दळायचं भलंमोठं यंत्र होतं. मी खोकत खोकत म्हटलं, “अहो, मी आवाजाचं काम करते.”

“मंग आवाजच तर करून राहिला नं तो!”

मी पेचकस काढला, खालचं झाकण उघडलं. एक स्क्रू ढिला झाला होता. दोन मिनिटांत आवळला, घरघर थांबली, आणि शेडमधल्या बायकांत माझी वट वाढली ती कायमची. त्या बाईंना सगळे मावशी म्हणत. माहेर रामटेककडचं, धानाच्या गावातलं. लग्नानंतर कळमेश्वरला आल्या आणि भाजणीची कढई पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातात.

मी वरच्या बैठकीच्या खोलीचं काम करायला आले आहे हे कळल्यावर मावशींनी मला चहा दिला आणि बाजूला घेतलं. वर्षभरापूर्वी हा कारखाना पुण्याच्या एका कंपनीने विकत घेतला होता. आता भाजणी पुण्याला नव्या मशीनवर न्यायची आणि इथे फक्त पुड्या भरायच्या, असं तिकडे चाललं होतं. म्हणजे भाजणीतल्या अठरा बायका घरी. मावशींना दोनदा बैठकीला बोलावलं होतं. टेबलावर मॅनेजरसाहेबांचा मोबाइल ठेवून त्याच्याभोवती सात जण बसले होते. मावशी बोलल्या आणि पुण्याला ऐकू गेली ती नुसती खरखर.

“अर्धा तास बोलली मी ताई,” मावशी म्हणाल्या, “अन् कागदावर काय लिवलं? ‘कळमेश्वरकडून हरकत नाही.’ सांगा! बोलली तरी हरकत नाही!”

आज तीन वाजता तिसरी बैठक होती. शेवटची. आणि ती माझ्या यंत्रावर होणार होती.

मावशींनी दोन स्टीलच्या ताटल्या आणल्या. एका ताटलीत त्यांनी भाजलेले धने, दुसरीत पुण्याच्या मशीनवरून नमुना म्हणून आलेले. रंग अगदी सारखा. मग त्यांनी एकेक ताटली माझ्या कानाशी धरून हलवली. पुण्याचे धने खसखस वाजले. मावशींचे खणखण वाजले, कोरडे, हलके.

“रंगावर गेलं की फसलं. आम्ही कानानं भाजून राहिलो ताई. आतून ओला राहिला तर मसाला दोन महिन्यांत वास मारते. हे तिकडे ऐकू जाईन का?”

“जाईल की,” मी ऐटीत म्हटलं. “फक्त एक करा मावशी. जरा शुद्ध बोला. पुण्याचे लोक आहेत.”

“हाव,” मावशी म्हणाल्या आणि ताटल्यांवर झाकण ठेवलं. त्यांचा चेहरा किंचित उतरला होता. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

हे ‘शुद्ध’चं खूळ माझ्या घरातलं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या कारकुनी. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत. लहानपणी मी शाळेतून ‘मले’ घेऊन घरी आले की आईचा वरणाचा डाव हवेत थांबायचा. मी ‘मला’ म्हटल्याशिवाय तो खाली यायचा नाही. अंगणात पाय टाकला की ‘मले’, उंबरठा ओलांडला की ‘मला’. पुढे आवाजाचं तंत्र शिकायला दोन वर्षं पुण्यात काढली, तेव्हा उरलासुरला ‘मले’ही पुसून टाकला. मला त्याचा अभिमानसुद्धा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी वर गेले. माझ्याबरोबर वायरिंगचं काम बघणारे एक भाऊ आदल्या दिवसापासून तिथे तारा ओढत होते, पारशिवनीकडचे. शेतीचा हंगाम नसेल तेव्हा माझ्याबरोबर, असं त्यांचं वीस वर्षांचं वेळापत्रक. मितभाषी माणूस. माझा पारा चढला की ते शांतपणे तंबाखू मळायला घेतात. खात नाहीत, नुसती मळतात.

बैठकीच्या खोलीच्या कामातली मुख्य गोम सांगते. पुण्याचा माणूस बोलला की त्याचा आवाज आमच्या छतातल्या स्पीकरमधून निघतो. तोच आवाज आमच्या माइकमध्ये शिरून परत पुण्याला गेला, तर त्या माणसाला आपलंच बोलणं अर्ध्या सेकंदाने ऐकू येतं. भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणून पुण्याला आमच्याकडचं सगळं पाठवायचं, फक्त पुण्याचं सोडून. आणि तिकडच्याने आम्हाला तिकडचं सगळं पाठवायचं, फक्त आमचं सोडून. चुकून काही घुमलंच, तर ते कापणारी सोय यंत्रात असते. ती हलक्या हाताने वापरायची. जास्त वापरली की घुमणं जातं आणि माणूसही जातो.

पुण्याच्या खोलीत त्यांचा इंजिनिअर बसला होता. आवाजावरून तरुण, अतिशय नम्र. आमचं ठरलं असं: मी मधल्या कपाटाच्या खोलीत, जिथे मिक्सर आणि सगळ्या वायरी आहेत, तिथे बसायचं. भाऊंनी बैठकीच्या खोलीत बसून मोबाइलवर त्याला उत्तर द्यायचं. तो पुण्याच्या माइकवर बोलेल, आवाज आमच्या स्पीकरमधून येतो का एवढंच भाऊंनी सांगायचं. मी भाऊंनाही बजावलं, “नीट बोला बरं का.”

पहिल्या झटक्यातच पुण्याचा आवाज उत्तम आला. माझ्या मिक्सरवर हिरवे दिवे टपाटप वर चढले. मी खूश. मग दोन मिनिटांनी तो आवाज थोडा खाली गेला. मला वाटलं, जोड ढिला. मी तार काढली, नवीन टोक बसवलं. आवाज आणखी खाली. दुसरं टोक बसवलं. आता तर शब्द कुरतडल्यासारखे येऊ लागले. मी तिसरं टोक बसवलं. दिवे एकेक करून विझत गेले आणि बाराच्या सुमारास सगळंच थंडावलं.

तेवढ्यात भाऊ दारात. “ताई, पुन्याचा मानूस म्हणते, झालं. सगळं पक्कं करून ठेवलं, आता हात लावू नका म्हणते.”

“काय झालं? कपाळ! इथे आवाजाचा पत्ता नाही!” माझा पारा चढला. “वीस वर्षं वायरी जोडताय भाऊ, एक जोड धड लागत नाही? छतातली तार तुम्हीच ओढली ना?”

भाऊंनी ह्या वेळी तंबाखूही काढली नाही. सरळ स्टुलावर चढले आणि छताची फळी उघडून तपासायला लागले. त्यांनी न मळलेली तंबाखू मला बोचली, पण रागात माणूस थांबत नाही. तास-दीड तास आम्ही दोघांनी सगळी तार तपासली. तार चोख होती. घड्याळात पावणेदोन झाले होते. खाली मावशींच्या ताटल्या झाकून ठेवलेल्या होत्या. तिसऱ्यांदाही ‘हरकत नाही’ लिहिलं गेलं, तर ते माझ्यामुळे.

मी पुण्याला फोन लावला. “अहो, तुमचा आवाज येत नाहीये.”

“नाही कसा?” तो गोंधळला. “तुमच्याच माणसाने सांगितलं की प्रॉब्लेम गेला. मी चार वेळा विचारलं मॅडम. दरवेळी म्हणाले, येऊन राहिला. म्हणून मी दरवेळी घुमणं कापणारी सेटिंग वाढवत गेलो. शेवटी ते म्हणाले, आता नाही येऊन राहिला. मग मी लॉक केलं.”

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

“येऊन राहिला, असंच म्हणाले?”

“हो. आवाज येऊन तिथेच राहिला. म्हणजे घुमतोय. बरोबर ना?”

मी कपाटाच्या खोलीत फरशीवर बसले आणि हसत सुटले. हसता हसता डोळ्यांत पाणी, आणि ते मिरचीचं नव्हतं. भाऊ प्रामाणिकपणे सांगत होते की आवाज येतोय. येऊन राहिला म्हणजे येतोय, एवढंच! जितकं भाऊंनी जोर देऊन सांगितलं, तितका ह्या सज्जन माणसाने आवाज कापला. शेवटी आवाज मेला, भाऊंनी तेही खरंखरं सांगितलं, आणि पुण्यात आनंदीआनंद.

आणि ही गंमत जगात कोणाला कळायला हवी होती, तर मला. पुण्यात पहिल्याच आठवड्यात फोनवर मी आईच्या नकळत मैत्रिणीला म्हटलं होतं, “मी जेवण करून राहिले.” खोलीतली दुसरी मुलगी म्हणाली, “जेवण करून कुठे राहिलीस?” सगळ्या हसल्या. त्या रात्रीपासून मी जपून बोलायला लागले. इतकी जपून, की माझ्याच भाऊंचं बोलणं पुण्याच्या कानात कसं पडेल हे मला सुचलंच नाही. मी फक्त त्यांना ‘नीट बोला’ म्हटलं होतं. ते नीटच बोलले होते.

इंजिनिअर ओशाळून म्हणाला, “सॉरी मॅडम. पुढचं टेस्टिंग तुम्हीच कराल का? तुम्ही शुद्ध बोलता.”

मला झटका बसला. सकाळी मी मावशींना हेच म्हटलं होतं, ह्याच सुरात.

“नाही,” मी म्हटलं. “भाऊच करतील. लिहून घ्या. येऊन राहिला म्हणजे येतोय. नाही येऊन राहिला म्हणजे येत नाही.”

“येऊन राहिला म्हणजे येतोय,” तो शाळकरी पोरासारखा म्हणाला. पेनाचा आवाज मला ऐकू आला. खरंच लिहून घेत होता.

मी बैठकीच्या खोलीत गेले. भाऊ स्टुलावर बसले होते. “भाऊ, चुकलं माझं. तुमचा जोड एकदम बरोबर होता.” आणि काय घडलं ते सांगितलं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि मळायला लागले. मला हायसं वाटलं. “जोड तर बराबरच होता ताई,” ते म्हणाले. “बोलनंच जुळून नव्हतं राहिलं.”

दहा मिनिटांत पुण्याचा आवाज ठणठणीत झाला. मग राहिली मावशींची ताटली. ह्या यंत्रात एक गाळणी असते. माणसाचा आवाज ठेवायचा आणि पंखा, एसी, कागदाची सळसळ फेकून द्यायची. धन्याची खणखण तिच्या लेखी कचरा. पुण्याला पोचण्याआधीच गाळून टाकली असती. म्हणून मी एक माइक वेगळा काढला, टेबलाच्या टोकाला ठेवला आणि त्याला गाळणी चुकवून थेट पुण्याची वाट दिली. तो नेहमी बंद, मावशी ताटली हलवतील तेवढाच मी उघडायचा. उघडा राहिला तर शेडमधला सगळा खोकला पुण्याला गेला असता.

तीनला बैठक सुरू झाली. पडद्यावर पुण्याच्या डायरेक्टरबाई, चष्मा डोक्यावर, समोर कागद. आमच्याकडे मॅनेजरसाहेब आणि नवीन लुगडं नेसून आलेल्या मावशी. मी कोपऱ्यात मिक्सरपाशी. साहेबांनी मावशींच्या हातात एक लिहिलेला कागद दिला होता. मावशी वाचायला लागल्या.

“सदर विभागाचे... स्थलांतर... करण्यात येऊ नये, अशी...”

शेडमध्ये यंत्राच्या वर चढणारा त्यांचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. ओठ हलत होते, माझ्याकडचा दिवा धड पेटतही नव्हता. मी माइक वाढवला. त्यांचा श्वास वाढला, शब्द वाढले नाहीत. तेवढ्यात साहेब खोकले आणि तो खोकला मात्र पुण्याला दणदणीत पोचला.

“मला काहीच ऐकू येत नाहीये,” डायरेक्टरबाई म्हणाल्या. “कळमेश्वरचं काही म्हणणं आहे का? नसेल तर पुढे जाऊ.” त्यांनी पेन उचललं.

मला समोर तो कागदच दिसला. हरकत नाही. मी कोपऱ्यातून ओरडले. मी तिथे बोलणं अपेक्षित नव्हतं, आणि जे तोंडातून आलं ते तर मलाच अपेक्षित नव्हतं.

“मावशी, ठेवा तो कागद! काहून भिऊन राहिल्या? सकाळी मले सांगितलं तसं सांगा नं!”

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आईचा डाव कुठेतरी हवेत थांबला असणार. मावशींनी मात्र कागद खाली ठेवला, पदर खोचला आणि माझे सगळे दिवे एकदम लाल झाले.

“हरकत हाय मॅडम! अठरा बायांची हरकत हाय! मागच्या दोन टाइमले बी होती, तुमाले ऐकू नाही आली. मी सांगून राहिली, तुमी कान देऊन ऐका. रंग पाहून धने नाही भाजत. हे तुमच्या मशीनचे...”

मी दुसरा माइक उघडला. खसखस.

“...अन् हे आमचे.”

खणखण.

पुण्याकडून काहीच आलं नाही. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी दिव्यांकडे बघत होते. लाइन चालू होती. मग डायरेक्टरबाई म्हणाल्या, “पुन्हा वाजवा.”

मावशींनी पुन्हा वाजवलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू त्याने जास्त ऐकू येणार होतं. “पुन्हा. डोळे मिटते आता. न सांगता कोणतीही वाजवा.” मावशींनी मशीनची वाजवली. “ही आमची,” डायरेक्टरबाई म्हणाल्या आणि डोळे उघडून पाहिलं, तर बरोबर. पुढे त्यांनी वासाचं विचारलं, तक्रारी आलेल्या पुड्यांचं विचारलं, मावशींनी सगळं सांगितलं. दोघींचं ते बोलणं वीस मिनिटं चाललं. बाईंना अधूनमधून एखादा शब्द कळायचा नाही, त्या विचारायच्या, मावशी सांगायच्या. साहेब नुसती मान डोलावत होते.

शेवटी डायरेक्टरबाई म्हणाल्या, “भाजणी कळमेश्वरलाच राहू दे. मशीन आणायचंच झालं तर तिथेच बसवू, मावशींच्या कानाखाली.”

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागलं. मग पुण्याच्या खोलीत जो हशा उठला, तो आमच्या छतातून अजिबात न घुमता, स्वच्छ आला. धंद्यातला माणूस आहे मी, त्या वेळीसुद्धा मला ते जाणवलं.

पडदा बंद झाला. मावशी उठल्या, माझा हात एकदा घट्ट दाबला आणि तडक बाहेरच्या गॅलरीत गेल्या. खाली शेडच्या दारात सगळ्या बायका वर बघत उभ्या होत्या. मावशींनी कठड्यावर वाकून हाक दिली.

“राहून राहिली वं बायांनो! भाजणी इथंच राहून राहिली!”

खालून जो कल्लोळ झाला! कोणीतरी कढईवर उलथनं बडवायला घेतलं. भाऊ दारात उभे राहून हसत होते, आणि माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याचा इंजिनिअर. गडबडीत मी पडदा बंद केला होता, पण तो गाळणीशिवायचा माइक तसाच उघडा राहिला होता आणि कळमेश्वरची अख्खी भाजणी पुण्याच्या रिकाम्या खोलीत दणाणत होती.

“ताई,” तो म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच ताई. मग जरा थांबला, कागदावरून वाचल्यासारखा एकेक शब्द लावत म्हणाला, “हा कसला आवाज येऊन राहिला?”

माझं बोट बंद करायच्या बटणावर होतं. मी ते उचललं.

“येऊन राहिला नं?” मी म्हटलं. “मंग येऊ द्या.”